बोटीवरचे साथीचे आजार: खानदेशातून जहाजावर जाणाऱ्यांचे आणि त्यांच्या घरच्यांचे नेहमीचे प्रश्न

खानदेशाला समुद्र नाही. तापी सुरतेपुढे जाऊन मिळते, तेवढाच आपला संबंध. तरी भुसावळ, अमळनेर, शिरपूर, शहाद्याकडची पोरं मर्चंट नेव्हीत जातात, आणि घरचे वादळापेक्षा आजारपणालाच जास्त घाबरतात. त्यांची भीती बरोबर आहे. बोटीवर सेकंड ऑफिसर असताना औषधांचं कपाट माझ्या ताब्यात असायचं, म्हणून हे प्रश्न माझ्याकडे येतात. मी डॉक्टर नाही. गोळ्यांची नावं खाली आली आहेत ती माहितीसाठी. घ्यायची की नाही ते डॉक्टरला विचारूनच ठरवा. घाई असेल तर निदान प्रश्न ८ वाचा.

१. "मना पोऱ्या जहाजवर शे. तठे त्याले ताप उना ते कोण दखी? डॉक्टर ऱ्हास का?"

नाही मावशी, मालवाहू जहाजावर डॉक्टर नसतो. खलाशांच्या हक्कांचा जो आंतरराष्ट्रीय करार आहे (मेरिटाइम लेबर कन्व्हेन्शन, २००६), त्याप्रमाणे १०० किंवा जास्त माणसं आणि तीन दिवसांहून लांबची आंतरराष्ट्रीय सफर असेल तरच डॉक्टर सक्तीचा. मालवाहू जहाजावर माणसं असतात वीस-पंचवीस. मग एखादा डेक ऑफिसर, बहुतेक ठिकाणी सेकंड ऑफिसर, वैद्यकीय कोर्स करून हे काम सांभाळतो. इंजेक्शन देणं, सलाईन लावणं, टाके घालणं त्याला शिकवलेलं असतं. कपाटात ठरलेल्या यादीप्रमाणे औषधं असतात आणि जागतिक आरोग्य संघटनेचं जहाजांसाठीचं जाडजूड वैद्यकीय पुस्तक असतं.

खरा डॉक्टर असतो फोनच्या दुसऱ्या टोकाला. रोमचं 'सिर्म' हे केंद्र १९३५ पासून कोणत्याही देशाच्या जहाजाला फुकट वैद्यकीय सल्ला देतं. मार्कोनी त्याचे पहिले अध्यक्ष होते. इतरही देशांची अशी केंद्रं आहेत, आणि बऱ्याच कंपन्या स्वतःचे डॉक्टर ठेवतात. आपण ताप, नाडी, रक्तदाब, श्वासाची गती, जिभेचा रंग, लघवी किती झाली हे सगळं लिहून पाठवायचं, फोटो पाठवायचे. ते उत्तर देतात. हेलिकॉप्टर किनाऱ्यापासून ठरावीक अंतरापर्यंतच येतं. पॅसिफिकच्या मध्यात असलात तर बंदर आठवडाभर लांब असू शकतं. म्हणून बोटीवर जाण्याआधीची तयारी (प्रश्न ३) गावातल्यापेक्षा कडक लागते.

२. चहूकडे पाणी असताना संसर्ग येतो कुठून?

माणसांबरोबर, डासांबरोबर, पाण्यातून आणि भाजीपाल्यातून. बोट बंदर सोडून दोन-तीन आठवडे चालली की सर्दी-खोकला आपोआप थांबतो, कारण ज्याला व्हायचा त्याला होऊन गेलेला असतो. पुढच्या बंदरात नवी माणसं जॉईन झाली, माल चढवणारे कामगार, एजंट, सर्व्हेयर जिना चढून आले, की पुन्हा सुरू. त्यात एकच मेस, एकच जिम, एकाच डक्टमधली एसीची हवा. कुणी शिंकला तर चुकवायला जागा नसते.

३. जॉईन करण्याआधी कोणत्या लसी घ्यायच्या, आणि कधीपासून?

प्री-सी कोर्सला (बोटीवर जाण्याआधीच्या शिक्षणाला) प्रवेश मिळाला त्याच महिन्यापासून. कंपनीचा फोन आला की चार दिवसांत मुंबई गाठावी लागते, तेव्हा लसींना वेळ उरत नाही. हेपॅटायटिस बी चे तीन डोस ०, १ आणि ६ महिन्यांनी असतात, म्हणजे सहा महिने तिथेच गेले. त्याशिवाय हेपॅटायटिस ए, टायफॉईड, धनुर्वात-घटसर्प, गोवर-रुबेला आणि कांजण्या. कांजण्यांचं कुणी सांगत नाही, त्यासाठी प्रश्न १० पाहा. यलो फिव्हरचं वेगळं प्रकरण आहे, ते पुढच्याच प्रश्नात.

जिवंत विषाणूच्या लसी (यलो फिव्हर, गोवर-रुबेला, कांजण्या) एकाच दिवशी घ्याव्यात, नाहीतर मध्ये चार आठवडे जाऊ द्यावेत. लहानपणीचं लसीकरणाचं कार्ड आईच्या ट्रंकेत असतं. शोधा, त्याचा फोटो काढून ठेवा.

४. यलो फिव्हरचं पिवळं कार्ड एजंट "करून देतो" म्हणतो. घेऊ का?

मुळीच नाही. ते कार्ड म्हणजे लस टोचल्याचं प्रमाणपत्र. न टोचता शिक्का मिळेल, पण प्रतिकारशक्ती मिळणार नाही. हा आजार आफ्रिका आणि दक्षिण अमेरिकेत आहे, त्यावर नेमकं औषध नाही, आणि आजार गंभीर वळणावर गेला तर माणूस दगावण्याचं प्रमाण मोठं आहे.

लस केंद्र सरकारने मान्यता दिलेल्या केंद्रांवरच मिळते, गावच्या दवाखान्यात नाही. आपल्याकडची बहुतेक पोरं भुसावळहून रात्रीची गाडी धरून मुंबईला जातात. एकच डोस. प्रमाणपत्र टोचल्यानंतर दहाव्या दिवसापासून ग्राह्य धरलं जातं, म्हणून आज टोचून उद्या विमानात बसण्याला अर्थ नाही. ११ जुलै २०१६ पासून ते आयुष्यभर चालतं. कार्डावर "१० वर्षं" छापलेलं असलं तरी चालतं. एखादा बंदर अधिकारी तरी हुज्जत घालतो, तेव्हा नियमाची प्रिंट जवळ असलेली बरी.

अंड्याची तीव्र अ‍ॅलर्जी, कमकुवत प्रतिकारशक्ती किंवा साठीच्या पुढचं वय असेल तर केंद्रावरच्या डॉक्टरला आधी सांगा. कार्डाशिवाय त्या देशांतून भारतात परतलात तर ६ दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवतात. त्यात अधिकाऱ्यांचा आडमुठेपणा नाही. आपल्याकडे हा रोग नाही, पण तो पसरवणारा डास घरोघरी आहे.

५. मेडिकलला टीबी निघाला तर करिअर संपलं का? आणि एचआयव्हीची टेस्ट करावीच लागते का?

टीबीने करिअर संपत नाही, थांबतं. डीजी शिपिंगच्या (केंद्र सरकारच्या जहाजवाहतूक खात्याच्या) मान्यताप्राप्त डॉक्टरकडे छातीचा एक्स-रे होतो. टीबी निघाला की उपचार संपून डॉक्टर मोकळं करेपर्यंत बोट नाही. नेहमीच्या टीबीला साधारण सहा महिने लागतात, औषधं सरकारी दवाखान्यात मोफत मिळतात. मेडिकल फिटनेसचं प्रमाणपत्र जास्तीत जास्त दोन वर्षं चालतं, पण मध्येच दोन आठवड्यांहून जास्त खोकला राहिला तर त्या कागदाच्या भरवशावर राहू नका. एका केबिनमधला खोकला सगळ्या बोटीचा होतो.

एचआयव्हीबद्दल भारताचा २०१७ चा कायदा स्पष्ट आहे. संमतीशिवाय चाचणी नाही, आणि नोकरीसाठी चाचणीची अट घालता येत नाही. काही देशांचे व्हिसाचे नियम मात्र वेगळे आहेत.

६. मलेरिया तर आपल्याकडेही होतो. आफ्रिकेच्या मलेरियाचा एवढा बाऊ कशाला?

हा प्रश्न विचारणारे बहुतेक चोपडा, यावल, धडगाव, अक्कलकुव्याकडचे असतात, आणि तेच जास्त धोक्यात असतात. सातपुड्याच्या पायथ्याला थंडीताप कुणाला नवा नाही. चार दिवस हुडहुडी, गोळ्या, पुन्हा शेतात. बऱ्याच वेळा तो व्हायवॅक्स जातीचा मलेरिया असतो. आफ्रिकेतल्या लागोस, अबिजान, टेमा, दुआला या बंदरांवर गाठ पडते ती मुख्यतः दुसऱ्या जातीशी, फाल्सिपेरमशी. हा जंतू मेंदू, मूत्रपिंड, फुप्फुसं धरतो. सकाळी डोकं दुखतंय म्हणणारा माणूस दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी बेशुद्ध होऊ शकतो. गावाकडे मिळणारी क्लोरोक्विन तिथल्या फाल्सिपेरमवर चालत नाही.

"लहानपणापासून होतोय, अंगात ताकद आली" हाही भ्रम. मलेरियाची प्रतिकारशक्ती सतत चावे खाऊनच टिकते, आणि बोटीवर महिनोन्‌महिने राहिलं की ती उतरते.

एक हिशेब पक्का ठेवा. डास चावल्यापासून ताप यायला फाल्सिपेरमला कमीत कमी सात दिवस लागतात. लागोसला पोचून तिसऱ्या दिवशी ताप आला तर तो लागोसचा मलेरिया नव्हे, मागच्या बंदराचा असेल किंवा दुसराच काही आजार असेल. उलट, लागोस सोडून तीन आठवडे झाले, बोट भर अटलांटिकमध्ये आहे, एकही डास दिसत नाही आणि तेव्हा ताप आला, तर पहिला संशय मलेरियाचाच. कपाटात तपासणीची किट असते, बोटाच्या थेंबावर पंधरा-वीस मिनिटांत रेघ उमटते. रेघ नाही उमटली आणि ताप चालूच राहिला तर पुन्हा करायची. पहिली निगेटिव्ह आली म्हणून निर्धास्त झालेले लोक मी पाहिले आहेत.

७. मग मलेरियाच्या प्रतिबंधक गोळ्या कोणत्या? बोसन (डेकवरच्या खलाशांचा मुकादम) म्हणतो, त्याने किडनी जाते.

बोसनला दोरखंडातलं कळतं. गोळ्यांबद्दल डॉक्टरला विचारा. साधारण तीन पर्याय असतात.

डॉक्सिसायक्लिन रोज एक. बंदराच्या एक-दोन दिवस आधी सुरू करून बंदर सोडल्यावर चार आठवडे चालू ठेवायची. स्वस्त आहे, पण उन्हाने कातडी भाजते, आणि डेकवरच्या माणसाचं सगळं काम उन्हात. जेवणानंतर भरपूर पाण्याबरोबर घ्या आणि लगेच आडवे होऊ नका, नाहीतर अन्ननलिका जळते. अ‍ॅटोव्हाक्वोन-प्रोग्वानिल रोज घ्यायची, पण बंदर सोडल्यावर फक्त सात दिवस; महाग आहे. मेफ्लोक्विन आठवड्यातून एकदा, पण तिने चक्कर, वाईट स्वप्नं, मन सैरभैर होणं असे त्रास काहींना होतात. ब्रिजवर, म्हणजे जहाज चालवायच्या खोलीत, पहारा करणाऱ्याने किंवा उंचावर चढणाऱ्याने ती टाळलेली बरी, असं माझं मत.

सगळ्यात जास्त गोळ्या सुटतात त्या बंदर सोडल्यानंतर. डास दिसेनासा झाला की माणसाला वाटतं झालं. जंतू तोवर यकृतात बसलेला असतो.

गोळी घेतली म्हणून डास चावू द्यायचा नाही. मलेरियाचा डास संध्याकाळपासून पहाटेपर्यंत चावतो. त्या वेळेत पूर्ण बाह्या, अंगाला डीट (डास पळवणारं रसायन) असलेलं मलम, अकोमोडेशनची (राहायच्या भागाची) दारं बंद. दार उघडं ठेवून सिगारेट ओढणाऱ्याला बाकीच्यांनी हटकलं पाहिजे.

८. साईन ऑफ होऊन (बोटीवरून उतरून) घरी आलो आणि ताप भरला. जेट लॅग असेल ना?

जेट लॅगने ताप येत नाही.

आमच्या भागात काय होतं ते सांगतो. पोरगा आठ-नऊ महिन्यांनी घरी आला. भरीत-पुरीचा बेत, मामा-मावश्या, हळदीचे कार्यक्रम. आठवड्याने अंग मोडून आलं. जवळच्या दवाखान्यात गेला, विडाल (टायफॉईडची रक्तचाचणी) करून घेतली, "टायफॉईड आहे" म्हणून सलाईन सुरू. विडाल एकदाच करून टायफॉईड ठरत नाही. आपल्याकडे निरोगी माणसाचीही ती कित्येकदा पॉझिटिव्ह येते. डॉक्टरने विचारलं नाही आणि पोरानेही सांगितलं नाही की तो पंधरा दिवसांपूर्वी पश्चिम आफ्रिकेत होता. तीन दिवस असेच जातात, आणि फाल्सिपेरमला तेवढे पुरतात.

म्हणून दवाखान्यात शिरल्याबरोबर पहिलं वाक्य हे: "मी बोटीवर होतो, गेल्या तीन महिन्यांत या-या बंदरांना गेलो." बंदरांची नावं आणि तारखा फोनमध्ये लिहून ठेवा, बायकोला किंवा वडिलांना पाठवून ठेवा, कारण तापात बरळणारा माणूस यादी सांगू शकत नाही. मलेरियाची रक्ततपासणी त्याच दिवशी मागा, निगेटिव्ह आली तर बारा ते चोवीस तासांनी पुन्हा, एकूण तीनदा. ग्लानी, बडबड, पिवळे डोळे, काळपट लघवी, धाप यातलं एकही दिसलं तर गावात थांबू नका. तडक जळगाव किंवा धुळ्याचं सरकारी मेडिकल कॉलेज, किंवा आयसीयू असलेलं मोठं हॉस्पिटल. अशा वेळी शिरेतून द्यायचं आर्टेसुनेट हे मलेरियाचं औषध लागतं.

फाल्सिपेरम बहुधा महिन्याभरात दिसतो, पण प्रतिबंधक गोळ्या अर्धवट घेतल्या असतील तर आणखी उशिराही येतो. व्हायवॅक्स यकृतात झोपून राहतो आणि कित्येक महिन्यांनी उठतो. सुट्टी संपत आली असताना ताप आला तरी बंदरांची यादी सांगायचीच. कंपनीलाही कळवा, त्याचं कारण प्रश्न १५ मध्ये आहे.

९. आम्ही नंदुरबारकडचे, घरात सिकलसेल आहे. बोटीवर जाता येईल का? मलेरिया होत नाही म्हणतात, ते खरं का?

आधी रक्त तपासून 'वाहक' की 'रुग्ण' ते नक्की करा. सरकारी दवाखान्यात तपासणी होते. वाहकाला फाल्सिपेरमचा जीवघेणा प्रकार होण्याचा धोका कमी असतो, एवढंच खरं. मलेरिया होत नाही असं नाही, गोळ्या त्यालाही लागतात. सिकलसेलच्या रुग्णाला मात्र मलेरिया उलट जास्त घातक. फिटनेसचा निर्णय मान्यताप्राप्त डॉक्टर घेईल, पण त्याच्यापासून लपवू नका.

त्याच वेळी जी-सिक्स-पीडीची तपासणीही करून घ्या. ज्यांच्या रक्तात हे द्रव्य कमी असतं त्यांना प्रायमाक्विनने रक्तपेशी फुटून लघवी काळी होते. व्हायवॅक्स मुळापासून काढायला प्रायमाक्विनच वापरतात, आणि समुद्रात ही तपासणी करता येत नाही. रिपोर्ट सीडीसीच्या (खलाशाच्या ओळखपुस्तकाच्या) पाकिटात ठेवा.

१०. कांजण्या लहान पोरांचा आजार. त्यासाठी जहाज अडतं, हे खरं का?

खरं आहे. थंड देशांत कांजण्या शाळेतच होऊन जातात. उष्ण प्रदेशात, म्हणजे भारत, फिलिपिन्स, श्रीलंका, कितीतरी माणसं मोठी होईपर्यंत त्यातून सुटतात. आणि जगातल्या खलाशांमध्ये अशा देशांतले बरेच असतात. एकाला झाल्या की केबिन-केबिनने फिरतात.

आमच्या एका बल्क कॅरियरवर (सुटा माल नेणाऱ्या बोटीवर) ऑइलरच्या, म्हणजे इंजिनवरच्या कामगाराच्या, पाठीवर चार पुळ्या दिसल्या. इंजिन रूममधलं घामोळं असेल म्हणून त्याने पावडर लावली आणि दोन दिवस मेसमध्ये जेवला. तिसऱ्या दिवशी छातीवर, टाळूवर, तोंडात. कुठे लाल ठिपका, कुठे पाण्याचा फोड, कुठे खपली, सगळं एकाच वेळी. ही कांजण्यांची खूण. फोटो पाठवले, उत्तर आलं, अ‍ॅसायक्लोव्हिर सुरू केली. पुरळ उठल्यापासून पहिल्या चोवीस तासांत दिली तर जास्त उपयोग, आणि आमचा तो वेळ पावडरीत गेला होता. मोठ्या माणसाला यात न्यूमोनिया होऊ शकतो, त्यामुळे धाप लागते का यावर दिवसातून चारदा लक्ष.

पुरळाच्या एक-दोन दिवस आधीपासून ते सगळ्या फोडांवर खपली धरेपर्यंत माणूस दुसऱ्याला देतो, आणि दुसऱ्याला उठायला १० ते २१ दिवस लागतात. म्हणजे एक बरा होतो न होतो तोच दुसरा पडतो. तोवर बंदरं शोअर लीव्ह (बंदरात फिरायची सुट्टी) नाकारतात, कुणाला उतरू देत नाहीत. ज्याचं लग्न ठरलंय त्याचं तोंड बघवत नाही.

गावाकडे "देवी आल्या" म्हणून कडूनिंबाचा पाला उशाशी ठेवतात. ठेवा, हरकत नाही, पण लहानपणी नक्की कांजण्याच होत्या का हे आईला विचारा. खात्री नसेल तर लस घ्या: दोन डोस, मध्ये चार ते आठ आठवडे.

११. बोटीवरचं पाणी समुद्राचंच करतात ना? मग पोट बिघडतं कसं?

समुद्राचं पाणी गोडं करणारा फ्रेश वॉटर जनरेटर निर्वातात चालतो, त्यामुळे पाणी १०० अंशांच्या बरंच खाली उकळतं. मीठ जातं, सगळे जंतू मरतीलच असं नाही. म्हणून किनाऱ्याजवळ, जिथे समुद्रात सांडपाणी मिसळतं, तिथे तो चालवायचा नसतो, आणि टाकीतल्या पाण्याला क्लोरीन किंवा यूव्ही लागतंच. बंदरातून घेतलेलं पाणी त्याहून बेभरवशाचं. होज (पाण्याची नळी) डेकवर लोळतो, कुणी तोच होज हॅच (मालाच्या कोठाराचं झाकण) धुवायला वापरतो. पिण्याच्या पाण्याचा होज वेगळा, टोकाला झाकण, जमिनीपासून वर टांगलेला असावा. कॅडेटला (शिकाऊ पोराला) हे काम मिळालं तर कंटाळू नये.

पोटाच्या साथीचं दुसरं ठिकाण गॅली, म्हणजे स्वयंपाकघर. जुलाब लागलेला कुक किंवा मेसमन जुलाब थांबल्यावरही दोन दिवस अन्नाला हात लावणार नाही, हा नियम कॅप्टननेच पाळून घ्यायचा. कुक स्वतः सांगत नाही, कारण त्याच्या जागी कोण? नोरोव्हायरसवर (उलट्या-जुलाबाच्या विषाणूवर) सॅनिटायझर फारसा चालत नाही, साबण-पाणीच लागतं. घरून नेलेलं लोणचं-पापड सुखाने खा. दुधाचे पदार्थ मात्र नेऊ नका. खराबही होतात आणि कित्येक देश ते बंदरात उतरवू देत नाहीत.

बंद पडलेल्या केबिनच्या शॉवरमध्ये पाणी कोमट राहून लेजिओनेला हा जंतू वाढतो, त्याचा तुषार श्वासात गेला की न्यूमोनिया होऊ शकतो. रिकाम्या केबिनचे नळ दर आठवड्याला सोडावेत, गरम पाण्याची टाकी ६० अंशांवर ठेवावी.

१२. डेंगीचा डास बोटीवर वाढतो का?

वाढतो. लाईफबोटीच्या कव्हरवर, फेंडरच्या टायरमध्ये, कंटेनरच्या खाचांत पावसाचं पाणी साचलं की पुरे. हा दिवसा चावतो. डेंगी पसरवू शकणारा टायगर मच्छर याच मार्गाने, जुन्या टायरांच्या मालाबरोबर, १९८५ मध्ये टेक्सासला पोचल्याचं दिसून आलं. डेंगीच्या तापात अ‍ॅस्पिरिन, आयब्युप्रोफेन नको, फक्त पॅरासिटामॉल.

१३. हा प्रश्न घरी विचारता येत नाही. बंदरात बाहेर गेलो होतो, आता काय करू?

लाज बाजूला ठेवा, घड्याळ बघा. असुरक्षित संबंध झाला असेल आणि एचआयव्हीची शंका असेल तर प्रतिबंधक औषधं ७२ तासांच्या आत सुरू करावी लागतात, जितकी लवकर तितकं बरं, आणि पुढे २८ दिवस. बंदरातच दवाखाना गाठा किंवा सेकंड ऑफिसरला सांगा, गुप्तता पाळणं त्याचं काम आहे. जळजळ, स्राव, जखम दिसली तर मित्राच्या पाकिटातल्या उरलेल्या अँटिबायोटिकने दाबू नका. परमा आता पुष्कळ औषधांना दाद देत नाही, आणि सिफिलिसची जखम उपचार न करताही भरते, रोग आत राहतो.

यात नवीन काही नाही. खलाशांना गुप्तरोगांचे उपचार बंदरात मोफत मिळावेत म्हणून १९२४ मध्ये ब्रुसेल्सला देशांनी करार केला होता. निरोध बोटीवर ठेवलेले असतात. घरी परतल्यावर पत्नीच्या आधी स्वतःची तपासणी.

१४. बोटीवर साथ आली तर बंदर घेतं का? कोविडसारखं अडकून पडू का?

बंदरात शिरण्याआधी कॅप्टन आरोग्याची घोषणा पाठवतो: कुणाला ताप आहे, कुणी मेलं आहे का, कोणत्या बंदरांतून आलो. त्यावर बंदराचा आरोग्य अधिकारी परवानगी देतो. पिवळा झेंडा रोगाचा, असं लोक समजतात. आजच्या संकेतात एका पिवळ्या झेंड्याचा अर्थ "बोट निरोगी आहे, प्रवेश द्या" असा आहे.

कोविडमध्ये नियम होते तरी ते कोसळले. २०२० च्या अखेरीस जगभरात सुमारे ४ लाख खलाशी करार संपूनही बोटीवर अडकले होते, आणि २०२१ च्या एप्रिलमध्ये सिंगापूरने भारतातून येणाऱ्यांचं क्रू चेंज (बोटीवरची माणसं बदलणं) बंद केलं. पुन्हा होणार नाही असं मी म्हणणार नाही. तीन दिवसांहून लांबच्या सफरीवर १५ किंवा जास्त माणसं असतील तर आजाऱ्यासाठी वेगळी खोली खलाशांच्या हक्कांच्या करारानेच (प्रश्न १) सक्तीची आहे. ती स्टोअर रूम झालेली असते, सामान काढायला लावा.

ताप लपवू नका. शोअर लीव्ह जाईल म्हणून एकजण लपवतो आणि वीसजण भोगतात.

१५. आजारी पडून उतरलो तर पगार आणि खर्च कुणाचा?

मालकाचा. खलाशांच्या हक्कांच्या त्याच कराराने उपचाराचा खर्च आणि आजारपणातला पगार निदान १६ आठवडे तरी मालकावर आहे. भारताने हा करार २०१५ मध्ये मान्य केला. घरी आल्यावर ताप आला (प्रश्न ८) आणि तो बोटीवरून आणलेला ठरला तर दावा करता येतो. म्हणूनच लगेच लेखी कळवायचं आणि तपासणीचे कागद जपायचे. एक फट आहे: भरतीच्या वेळी जाणूनबुजून लपवलेला आजार यातून वगळता येतो.

१६. बॅलास्टच्या पाण्यातून (बोट स्थिर ठेवायला टाक्यांत भरतात त्या पाण्यातून) कॉलरा येतो, हे इंजिन कॅडेटला का शिकवतात?

कारण १९९१ च्या सुमारास दक्षिण अमेरिकेत कॉलरा पेटला असताना मेक्सिकोच्या आखातातल्या अमेरिकी बंदरांत आलेल्या काही मालवाहू जहाजांच्या बॅलास्टमध्ये तोच जंतू सापडला. बॅलास्टचा आंतरराष्ट्रीय करार २०१७ पासून लागू आहे, आणि त्यात सोडायच्या पाण्यात कॉलऱ्याचा जंतू किती चालेल याचीही मर्यादा आहे. टाकीत उतरल्यावर किंवा सॅम्पल घेतल्यावर हात धुवा.

१७. बोटीच्या दोरांना पत्र्याच्या थाळ्या कशाला?

उंदीर दोरावरून चढू-उतरू नयेत म्हणून. १८९६ मध्ये मुंबईत मांडवीला प्लेग दिसला तो बंदराच्या वाटेने आला असं मानतात, आणि पुढे आगगाडीने देशभर गेला. आज प्रत्येक बोटीकडे स्वच्छतेचं प्रमाणपत्र लागतं, सहा महिन्यांचं.

१८. माझा भाऊ रावेरला केळी पॅक करून कंटेनरमध्ये भरतो. परदेशातून आलेल्या कंटेनरमधून त्याला रोग होईल का?

माणसाचा रोग होण्याची शक्यता फार कमी. रिकाम्या कंटेनरमध्ये विंचू, साप, उंदराची लेंडी असू शकते. झाडण्याआधी दार उघडून हवा येऊ द्यावी, कोरडं झाडू नये, हातमोजे घालावेत. केळीच्या झाडाचे रोग वेगळे, त्यासाठी कृषी खात्याला विचारा.

१९. बंदरात कुत्रा चावला आणि बोट दोन तासांत सुटणार आहे. लस पुढच्या बंदरात घेतली तर चालेल?

नाही. जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवा आणि एजंटला गाडी मागा. पहिली लस, आणि रक्त आलं असेल तर जखमेत भरायचं इम्युनोग्लोब्युलिन, हे बंदर सोडण्याआधीच. बाकीचे डोस थंड डब्यात बोटीवर घेऊन ठरल्या दिवशी देता येतात. रेबीज एकदा सुरू झाला की जवळपास कुणी वाचत नाही. कॅप्टनने बोट थांबवायला कां-कूं केलं तर हे त्याला सांगा.

२०. धान्याच्या बोटीवर तिघांना एकदम उलट्या, डोकेदुखी. जेवणातून झालं असेल?

असेलही. पण आधी विचारा, होल्डमध्ये (मालाच्या कोठारात) फ्युमिगेशन, म्हणजे कीड मारायला विषारी वायू सोडणं, चालू आहे का? आपल्याकडे ज्वारी-मक्याच्या कोठीत ज्या अ‍ॅल्युमिनियम फॉस्फाईडच्या गोळ्या ठेवतात, त्याच धान्याच्या होल्डमध्ये टाकतात. त्यांतून फॉस्फिन वायू निघतो आणि पाइपाच्या भोकातून, सडलेल्या गॅस्केटमधून केबिनमध्ये येऊ शकतो. उलट्या, डोकं दुखणं, छातीत आवळणं, धाप, आणि ताप नाही. याने खलाशी मेले आहेत, तेही "पोट बिघडलंय, झोप जरा" असं सांगून केबिनमध्ये ठेवलेले.

आजारी माणसं एकाच मजल्यावर किंवा शेजारशेजारच्या केबिनमध्ये राहणारी आहेत का ते बघा. जेवण सगळ्यांनी केलं असताना एकाच बाजूचे पडले तर संशय वायूचा. सगळ्यांना उघड्या डेकवर वाऱ्याच्या बाजूला आणा, गॅस मीटरने केबिन मोजा, आणि मगच रेडिओवर डॉक्टरला बोलवा. फ्युमिगेशन केल्याचा कागद हातात धरूनच बोला. त्यावर कोणतं रसायन, किती आणि कधी टाकलं ते लिहिलेलं असतं, आणि डॉक्टर पहिलं तेच विचारतो.